मागाविना विणकाम: घोडबंदरच्या खाडीतील जाळे

१/ घोडबंदर म्हटले की किल्ला आठवतो: पोर्तुगिजांनी उभारलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. त्याच्या पायथ्याच्या खाडीचा इतिहास मात्र दोऱ्याचा आहे.

२/ मराठीत कापड, स्वेटर आणि जाळे ही तिन्ही ‘विणतात’. क्रियापद एक, तंत्रे तीन. कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना छेदतात. त्यासाठी माग लागतो. स्वेटरमध्ये फासात फास गुंफला जातो. जाळ्यात प्रत्येक फास गाठीने पक्का होतो.

३/ जाळ्याचा माग म्हणजे एक आयताकृती पट्टी. सुईवरचा दोरा तिच्याभोवती घेऊन गाठ मारायची. पट्टीची रुंदी तीच आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या छिद्राच्या, एका बाजूची लांबी.

४/ कोळ्यांचे डोल जाळे प्रवाहात रोवून धरतात. त्याच्या तोंडाशी आस मोठे, निमुळत्या शेपटाशी बारीक. कोणता मासा अडकेल आणि कोणता निसटेल, हे पाण्यात उतरण्यापूर्वी अंगणातच ठरत असे.

५/ तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने याच साष्टी बेटावरील ठाण्याच्या कापडाची नोंद केली, कारण ते निर्यात होई. जाळे विकण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी विणले जाई. व्यापाऱ्याच्या नजरेत ते कसे भरावे?

६/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आणि यंत्रावरची जाळी आली. हाताला उरली ती मुख्यतः दुरुस्ती. किल्ल्याचा दगड पुन्हा रचता येईल. बोटांतली गाठ मात्र वृद्ध कोळ्यांजवळ बसून आजच टिपून ठेवावी लागेल.