लाखोळीतील विषद्रव्य

लाखोळी (लाखोरी, लाख, हिंदी खेसारी, तिवडा, शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटिव्हस) या कडधान्याच्या बियांत निसर्गतः असणाऱ्या व पायांना कायमचे पंगुत्व आणणाऱ्या अमिनो अम्लास बीटा-ओडॅप म्हणतात. गोंदिया (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग), भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या धानपट्ट्यात हे पीक जुने आहे. धान उभे असतानाच ओल्या बांधीत बी फेकतात. नांगरट, खत वा ओलित लागत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी व दाण्यांची डाळ करतात. कुटार जनावरांना घालतात.

या विषाने होणाऱ्या विकारास कलायखंज (लॅथिरिझम) म्हणतात. पाय ताठर होऊन गुडघे वाकतात व रोगी टाचा उचलून चालतो. पुढे काठीचा आधार लागतो, तर काहींना रांगावे लागते. संवेदना व बुद्धी शाबूत राहतात. तरुण पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. अधूनमधून डाळ खाल्ल्याने तो होत नाही. आहाराचा तिसरा हिस्सा वा अधिक भाग दोन-तीन महिने लाखोळीचाच असल्यास धोका संभवतो. म्हणून त्याचा इतिहास हा मुख्यतः दुष्काळाचा व मजुरीचा इतिहास आहे.

जर्मनीतील वुर्टेंबर्ग येथे १६७१ मध्येच या पिठाच्या भाकरीस मनाई झाली होती. सागर भागात १८२९ पासून गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनी लागोपाठ गहू बुडाला, तिवडा मात्र तगला. तोच खाऊन राहिलेले लोक १८३३ मध्ये पंगू होऊ लागल्याचे स्लीमन यांनी नोंदविले आहे. भंडारा ज्या मध्य प्रांतात होता, तेथील १८९६–१९०२ या दुष्काळी वर्षांतील रुग्णांविषयी ब्यूकॅनन यांचा अहवाल १९०४ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाला. रेवा भागात वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे.

दोष लाखोळीचा नसून तीत मिसळणाऱ्या अकटा या तणाचा, असा तर्क १९२५ मध्ये मांडला गेला व काही काळ तो मान्यही झाला. १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी बियांतून ओडॅप वेगळे केल्यावर तो मागे पडला. ओडॅपची संरचना ग्लुटामेट या तंत्रिका-संदेशवाहकासारखी असल्याने ते त्याच्या ग्राहींना अतिउत्तेजित करते व त्यामुळे स्नायूंच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या तंत्रिका कोशिका मरतात. लॅथिरसच्या इतर काही जातींत व चिनी औषधांतील एका जिनसेंगमध्येही ते आढळते. जमिनीतील जस्ताची उणीव व अवर्षण यांनी बियांतील त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे इतर पिके बुडून लोक याच डाळीवर विसंबतात, तेव्हाच ती अधिक विषारी झालेली असते.

अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनुसार १९६१ पासून हिच्या विक्रीवर बंदी आली, लागवडीवर नव्हे. परिणामी पीक चालूच राहिले आणि डाळ तूर व बेसनात भेसळीसाठी जाऊ लागली. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठविली. केंद्राच्या २०११ च्या विनियमांत मात्र ती कायम राहिली. रतन, प्रतीक व महातिवडा या वाणांत विषाचे प्रमाण बरेच कमी असते. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास त्याचा बराचसा अंश निघून जातो, मात्र काही जीवनसत्त्वेही त्याबरोबर जातात.