शाळेचें पटांगण आणि त्याचा खर्च

शाळेंतील खेळांचा खर्च कोणीं सोसावा, हा वाद फार जुना आहे. पुस्तकें, बांकें आणि मास्तरांचा पगार हे खर्च सर्वांस मान्य असतात. खेळांचा आंकडा पुढें आला कीं हात आंखडतो. रत्नागिरी जिल्ह्यांत तर या प्रश्नास तेथील भूमीनेंच अधिक बिकट केलें आहे.

१८५४ सालच्या वुडच्या खलित्यानें खासगी शाळांस सरकारी अनुदान देण्याच्या पद्धतीचा पाया घातला. पुढें १८८२ सालीं नेमलेल्या हंटर कमिशननें देशी खेळ, कसरत व कवाईत यांस शाळांतून उत्तेजन द्यावें, अशी शिफारस केली. शिफारस रास्त होती. पण शिफारशीनें पटांगण तयार होत नाहीं. फी, देणगी व अनुदान यांच्या तुटपुंज्या शिलकेंतूनच तो खर्च भागवावयाचा होता.

देशावर एखादें माळरान झाडून घेतलें कीं खेळावयास जागा होते. रत्नागिरीस तसें नाहीं. येथें सपाट जागा म्हणजे एक तर भाताचें शेत, नाहीं तर उघडा कातळ. शेत कोणी सोडीत नाहीं, आणि कातळावर पडलेला मुलगा गुडघे फोडून घेतो. उताराची जमीन घ्यावी तर जांभा फोडावयाचा, खालच्या अंगास चिऱ्यांचा बांध घालावयाचा आणि वर मातीची भर टाकावयाची. एवढें करून वर्षास १०० इंचांहून अधिक पडणारा पाऊस ती माती वाहून नेतो. दिवाळीनंतर पुन्हां भर, पुन्हां चोपणी. म्हणून येथें पटांगण हा एकदांचा खर्च नसून दर वर्षाचें देणें होऊन बसतो. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर ज्या घरांची चूल पेटत असे, त्यांस मुलाची फीच जड जाई. तेथें खेळांसाठीं निराळी वर्गणी कोठून निघणार?

या अडचणींतून वाट काढली ती देशी खेळांनीं. क्रिकेटच्या बॅटी, पॅड व चेंडू यांचा भार सर्व मुलांच्या फीवर पडतो, पण संघांत उतरतात अकराच. हुतुतू, आट्यापाट्या व लंगडी यांस सामानच लागत नाहीं. खोखोस दोन खांब पुरतात. १९०६ सालीं स्थापन झालेला पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंद विजय जिमखाना यांनीं अशा खेळांस नियमबद्ध रूप दिलें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें त्यांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं.

परंतु खेळ स्वस्त असला तरी शिकविणारा फुकट मिळत नाहीं. १९३७ सालीं मुंबई सरकारनें स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालीं शारीरिक शिक्षण समिति नेमली आणि १९३८ सालीं कांदिवली येथें शिक्षकांसाठीं शिक्षणसंस्था निघाली. व्यायामशिक्षक हाही पगारी शिक्षकच होय, हें तत्त्व त्यामुळें दृढ झालें.

जेथें संस्थेची तिजोरी अपुरी पडली, तेथें व्यक्तीनें भार उचलला. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीं खाशाबा जाधव यांस पाठवितांना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर ७००० रुपयांस गहाण टाकलें. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. त्या औदार्यास तोड नाहीं. पण प्रत्येक गुणी मुलासाठीं कोणा गुरुजनाचें घर गहाण पडावें, ही व्यवस्था नव्हे.

आज त्या जुन्या खेळांचें भाग्य पालटलें आहे. हुतुतू कबड्डी या नांवानें १९९० सालीं आशियाई स्पर्धांत गेला. २०२५ सालीं दिल्लीस खोखोची विश्वचषक स्पर्धा झाली. मात्र मोठे सामने आतां मातीवर नव्हे, मॅटवर होतात. बिनखर्चाचा म्हणून ज्या खेळास गरीब शाळांनीं आश्रय दिला, त्याची मॅट आज त्याच शाळांच्या आवांक्याबाहेर आहे. तांबड्या मातींत शिकलेला मुलगा स्पर्धेच्या दिवशींच प्रथम मॅटवर पाय ठेवतो, आणि हंटर कमिशनच्या काळीं अनुत्तरित राहिलेला प्रश्न त्याच्या पायांखालीं पुन्हां उभा राहतो.