सायकलचा वेगळा रस्ता नेमका कुणासाठी?

सायकलींसाठी वेगळा रस्ता असावा की नसावा, हा वाद आपल्याला आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो नव्वद वर्षांपूर्वीचा आहे.

१४ डिसेंबर १९३४ रोजी लंडनच्या पश्चिमेला, वेस्टर्न अव्हेन्यू या रस्त्यालगत ब्रिटनचे वाहतूक मंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग खुला केला. लांबी सुमारे चार किलोमीटर. त्या एका वर्षात ब्रिटनमध्ये रस्ते अपघातांत ७,३४३ माणसं दगावली होती. अशा वेळी सायकलस्वारांनी या मार्गाचं स्वागत करायला हवं होतं. पण त्यांची जुनी संघटना ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ विरोधात उभी राहिली.

हा हट्ट नव्हता. १८८८च्या कायद्याने सायकलला वाहनाचा दर्जा मिळाला होता, म्हणजे रस्त्यावर तिचा बरोबरीचा हक्क होता. त्या काळात ब्रिटनच्या रस्त्यांवर सायकली मोटारींपेक्षा कितीतरी जास्त होत्या. धोका मोटारीमुळे वाढला, मग बाजूला सायकलवाल्याने का व्हायचं? आज वेगळा मार्ग दिला, तर उद्या मुख्य रस्त्यावर बंदी येईल, अशी त्यांना भीती होती. शिवाय हे मार्ग अरुंद होते आणि प्रत्येक फाट्यावर तुटत होते.

त्यांची शंका रास्त होती, पण पुढे काय झालं? महायुद्धानंतर मोटारी वाढत गेल्या आणि सायकली झपाट्याने कमी झाल्या. सायकलस्वाराचा हक्क कायद्यात शाबूत राहिला, पण तो वापरण्याची हिंमत करणारे थोडेच उरले.

याच प्रश्नाला नेदरलँड्सने वेगळं उत्तर दिलं. तिथेही युद्धानंतर शहरं मोटारींच्या ताब्यात चालली होती. १९७१ साली रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० लोक मेले, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली होती. त्यांनी १९७२मध्ये लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, ‘बालहत्या थांबवा’. याच नावाने चळवळ उभी राहिली. पालक मुलांसह रस्त्यावर बसले, मोर्चे निघाले, गल्ल्या अडवून मुलांना खेळायला मोकळ्या केल्या गेल्या. १९७३च्या तेलसंकटात सरकारने काही रविवार मोटारबंदी केली, तेव्हा मोटारीविना शहर कसं दिसतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढे टिलबर्ग आणि हेगमध्ये सायकलमार्ग झाले. एकटा-दुकटा मार्ग पुरत नाही, हे लक्षात आल्यावर डेल्फ्टमध्ये शहरभर जाळं विणलं गेलं.

मात्र फक्त मार्ग बांधूनही भागत नाही. लंडनजवळच्या स्टीव्हनेज या नव्या शहरात एरिक क्लॅक्स्टन या अभियंत्याने १९५०च्या दशकापासून उत्तम सायकलमार्ग आखले, भुयारी मार्गांसह. पण मोटारींचे रस्तेही तितकेच प्रशस्त केले. लोकांनी मोटारच निवडली.

म्हणून ‘वेगळा की एकत्र’ हा प्रश्न अर्धवट आहे. वेगळा मार्ग कुणाच्या सोयीसाठी, हा खरा प्रश्न. सायकलवाल्याला मोटारीच्या वाटेतून हटवायचं असेल, तर उरलेली चिंचोळी पट्टी त्याच्या वाट्याला येते. त्याला जिवंत घरी पोहोचवायचं असेल, तर मोटारीची जागा आणि वेग कमी करावा लागतो.

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. आज तिथल्या कित्येक सायकल ट्रॅकवर दुचाकी लावलेल्या असतात आणि मध्येच खांब किंवा बसथांबा येतो. पहाटे पेपर टाकणारा मुलगा आणि कामावर निघालेला वॉचमन तो ट्रॅक सोडून भर रस्त्यावरून सायकल चालवतात. नियम मोडायची त्यांना हौस नाही. तो ट्रॅक बांधताना त्यांचा विचारच झालेला नसतो.