सकाळची वाटी

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, आमच्या घरात एक लहानसे संकट उभे राहिले. फराळाची ताटे मांडली होती; चकली, करंजी, अनारसे, चिवडा असा सगळा थाट होता. पण आमच्या सात वर्षांच्या नातीला त्यातले काहीच नको होते. तिला हवी होती तिची रोजची वाटी : मक्याचे कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स आणि वर थंडगार दूध. खोके उघडून पाहावे तो आत चमचाभर चुरा! सणाचा दिवस, दुकाने बंद. सूनबाई समजूत घालून थकली. तेवढ्यात मुलीचे लक्ष देवापुढच्या तबकाकडे गेले. आदल्या रात्रीच्या लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या आणि बत्तासे तिथे तसेच होते. तिने मूठभर लाह्या वाटीत घेतल्या, त्यांवर एक बत्तासा कुस्करला, दूध ओतले आणि हा जणू रोजचाच प्रकार असावा अशा थाटात ती खाऊ लागली.

सगळे हसले. मीही हसलो; पण मला एकाएकी माझी आजी आठवली, आणि तिच्याबरोबर मनात दडवून ठेवलेली एक जुनी लाजही आठवली. तिची हकिकत सांगायची, तर आमच्या मुलखातली सकाळची वाटी आजवर कशाकशाने भरली आणि कशाकशाने रिकामी झाली, हे आधी सांगितले पाहिजे.

आमचा मुलूख म्हणजे पुणे जिल्ह्याची पूर्वेकडची बाजू. शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. वडील दौंडला रेल्वेत नोकरीला होते, तर आजी शिरूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात राहत असे. त्यामुळे माझे बालपण या दोन नद्यांच्या मध्ये येरझारा घालण्यात गेले. सह्याद्री पावसाचे सगळे धन मावळात उधळून टाकतो. आमच्याकडे पोचेपर्यंत त्याच्या झोळीत वीसएक इंच उरतो, आणि तोही लहरी. म्हणून मावळात भात, आणि आमच्याकडे खरिपाला बाजरी नि रब्बीला जोंधळा.

न्याहारीही त्याच धान्यांची. रात्रीची भाकरी कुस्करून तिच्यावर दूध नाही तर ताक ओतायचे, ही नेहमीची रीत. थंडीत बाजरीचा घाटा, उन्हाळ्यात आंबील. नागपंचमीला जोंधळ्याच्या लाह्या. आणि वर्षातल्या पुष्कळशा सकाळी कण्या. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : जोंधळ्यावर पाण्याचा हबका मारून तो थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग जात्यावर जाडसर भरडायचा. पीठ चाळून वेगळे काढायचे, सुपात घोळून कोंडा पाखडायचा. मागे उरतात त्या कण्या. आधणाला उकळी आली की मीठ घालून त्या सोडायच्या आणि मंद आचेवर ढवळीत राहायचे. शिजून मऊ झाल्या, पण कणी मोडली नाही, अशा बेताला भांडे उतरायचे. सकाळी त्यांत ताक किंवा दूध, आणि घरात असलाच तर गुळाचा खडा.

लाह्यांची तऱ्हा निराळी. जोंधळा गरम पाण्यातून काढून फडक्यात बांधून रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी लोखंडी कढई चांगली तापवून त्यात थोडा थोडा टाकायचा आणि फडक्याच्या बोळ्याने हलवायचा. दाण्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते. टरफल तिला क्षणभर दाबून धरते, आणि मग तडतड आवाज करीत दाणा फुलतो. त्या गरम लाह्या दुधात टाकल्या की त्या बारीक चुरचुरतात. तो आवाज संपायच्या आत खाण्यात खरी मौज.

आता त्या परदेशी वाटीची गोष्ट. अमेरिकेत मिशिगन संस्थानात बॅटल क्रीक नावाच्या गावी एक आरोग्यधाम होते. डॉक्टर जॉन केलॉग हे त्याचे मुख्य, आणि धाकटे बंधू विल त्यांच्या हाताखाली. रोग्यांना पचायला हलके असे काही द्यावे, म्हणून दोघांची खटपट चाले. १८९४ साली शिजवलेला गहू बराच वेळ तसाच राहिला. टाकून कशाला द्यायचा म्हणून तो रुळांतून काढला, तर सबंध पोळीऐवजी दाण्यादाण्याचे वेगळे पापुद्रे पडले. ते भाजले आणि रोग्यांना आवडले. पुढे गव्हाच्या जागी मका आला. साखर घालावी की नाही यासारख्या गोष्टींवरून भाऊ-भाऊ भांडले, आणि १९०६ मध्ये विलने स्वतःची कंपनी काढली. त्या कंपनीचे खोके आपल्या बाजारात आले ते १९९४च्या सुमारास, म्हणजे पहिल्या पापुद्र्यानंतर शंभर वर्षांनी.

यातली गंमत अशी, की कॉर्नफ्लेक्स करताना आधी मक्याच्या कण्याच काढतात. त्या शिजवतात, सुकवतात, रुळांखाली दाबतात आणि भट्टीत भाजतात. म्हणजे आजीचा हात जिथे थांबत होता, तिथून पुढच्या तीन पायऱ्या त्या कारखान्याने चढल्या, एवढेच. मग एक वाटी गरिबीची खूण ठरली आणि दुसरी ऐटीची, हे कसे झाले? याचे उत्तर धान्यात सापडत नाही. ते धान्य कोणाच्या हाती होते, यात सापडते.

शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीच्या छावणीत, कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली वारला. त्याची कबर तिथे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात अशी नोंद आहे, की आसपासचे लोक या कबरीला सत्पुरुषाचे स्थान मानीत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य तिथे आणीत. परक्या सरकारच्या परक्या अंमलदाराला नव्या धान्याचा पहिला घास! मला यात भाबडेपणापेक्षा भीती अधिक दिसते. धान्य घरात येईपर्यंत आपले नसते, हे ज्याला ठाऊक आहे, तो कोणाकोणाला म्हणून नैवेद्य दाखवणार नाही?

ती भीती पोकळ नव्हती. सारा रोखीने भरायचा, पाऊस लहरी, म्हणून कर्ज; आणि कर्ज म्हणून खळ्यावरची रास सावकाराच्या दारी. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १८७५ च्या मे महिन्याच्या बारा तारखेला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात भडका उडाला, आणि पुणे-नगरच्या गावोगावी कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, कारण घरातली रास त्या कागदांनीच ओढून नेली होती. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

पण मध्ये १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला होता. दौंडवरून सोलापूरच्या दिशेची आगगाडी १८५८ सालीच धावू लागली होती. मनमाडकडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला, आणि आमचे दौंड जंक्शन झाले. आगगाडीने दोन्ही गोष्टी केल्या. दुष्काळात बाहेरचे धान्य आणले. आणि एरवी इथल्या धान्याचा भाव दूरच्या बाजाराशी बांधून टाकला. शेतातला जोंधळा आता आपल्याच ताटात पडेल, याची खात्री उरली नाही.

दौंड तालुक्यातच केडगाव आहे. पुण्याहून दौंडला येताना ते स्टेशन लागले, की वडील खिडकीतून बोट दाखवीत आणि पंडिता रमाबाईंचे नाव घेत. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्याही मुली आल्या. ज्या मुलखाची स्वतःची वाटी दर दोन-चार वर्षांनी रिकामी होते, त्याच मुलखात शेकडो परमुलखातल्या लेकरांना रोज सकाळी जेवू घालण्याचा पण एका बाईने केला. या एका गोष्टीचा मला आमच्या तालुक्याबद्दल अभिमान वाटतो.

आता माझी हकिकत. १९७२ साल. पाऊस नाही, नदीत वाळू, विहिरीत शेवाळ. चुलता-चुलती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे गोडसर कोरडा भुगा, चुलती पदरात बांधून मुलांसाठी आणी. गोठा ओस पडला होता. गुरे छावणीवर गेली होती. घरातला जोंधळा केव्हाच संपला होता. रेशनवर मिळे ती अमेरिकेतून आलेली मिलो, लाल रंगाची, कडवट चवीची ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरे. म्हणून आजी तिच्याही कण्या करी.

सुट्टीत मी दौंडहून गावी गेलो, तो रेल्वेच्या चाळीतल्या एका मित्राला बरोबर घेऊन. त्याच्या घरी सकाळी चहा-खारी असे. मला त्याचे फार अप्रूप. सकाळी आजीने चुलीवरून भांडे उतरवले. त्यातला तो लालसर रांधा पाहून मित्राने विचारले, "हे काय रे?" आणि मी, बारा-तेरा वर्षांचा शहाणा, पटकन म्हणालो, "ते होय? गुरांसाठी शिजवलंय."

आजी पाठमोरी होती. ती वळली. रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "गुरं छावनीला गेल्यात, बाळा. हितं आता ह्ये खाणारी मानसंच हायेत." मग तिने तीन वाट्या भरल्या, शेजारून मागून आणलेले वाटीभर ताक आम्हा दोघांच्या वाट्यांत वाटून टाकले आणि आपली वाटी कोरडीच ओढून घेतली. मित्र मुकाट्याने खाऊ लागला. त्याने पुन्हा मागूनही घेतले. माझा घास मात्र खाली उतरेना.

पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले, की मिलो अमेरिकेत मुख्यत्वे जनावरांनाच घालतात. म्हणजे मी जे खोटे बोललो होतो, ते समुद्रापलीकडे खरेच होते! हे मी आजीला कधी सांगितले नाही. माफीही मागितली नाही. ती १९८१ मध्ये गेली.

त्यानंतर दिवस पालटले. ते पालटले याचा मला आनंदच आहे. दुष्काळाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नव्हे. कालव्यांचे पाणी आले, भीमेवर उजनीचे धरण झाले, त्याचा फुगवटा दौंडच्या शिवारापर्यंत आला. जिथे बाजरी डुलत होती तिथे ऊस उभा राहिला. घरोघर गव्हाची पोळी झाली, आणि भाकरी पाहुण्यांच्या नजरेआड गेली. कण्या तर आधीच गेल्या होत्या. मी एकदा जी वाटी लपवली, ती पुढे साऱ्या मुलखानेच लपवली. पोट भरल्यावर माणूस पहिल्यांदा आपल्या भुकेच्या खुणा पुसतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

आणि पुन्हा नवल पाहा. २०२३ हे वर्ष भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-बाजरीला श्रीअन्न असे भारदस्त नाव मिळाले. आता दुकानात ज्वारीचे पोहे, बाजरीचे पोहे चकचकीत पुड्यांतून मिळतात, आणि त्यांची किंमत वाचताना मला चष्मा पुसून पुन्हा वाचावी लागते.

पाडव्याच्या त्या सकाळी नातीने वाटी चाटूनपुसून संपवली आणि विचारले, "आजोबा, हे कोणत्या दुकानात मिळतं?" मी तिला शेजारी बसवले आणि आजीची, मित्राची, लाल कण्यांची सगळी गोष्ट सांगितली, माझे खोटे बोलणेही वगळले नाही. ते मी आजवर घरात कोणालाच सांगितले नव्हते. ती विचारात पडली. म्हणाली, "मग तुम्ही सॉरी म्हणालात का?"

"नाही," मी म्हणालो.

भाऊबीजेला आम्ही दोघांनी मिळून कण्या केल्या. जोंधळा होता मालदांडी, आणि भरडायला आजीचेच जाते. इतकी वर्षे ते आमच्या गॅलरीत तुळशीची कुंडी ठेवायच्या कामी येत होते. कुंडी उतरवली, पाळ्या धुतल्या, खुंटा नवा बसवला. अर्धी वाटी कण्या काढायला आम्हाला तास लागला आणि माझा खांदा धरला. आजीचा फोटो आमच्याकडे नाही. तिने कधी काढूच दिला नाही. म्हणून पहिली वाटी, ताक घालून, जात्यापाशी ठेवली. नातीने हात जोडले आणि माझ्याकडे पाहिले. जे म्हणायचे राहिले होते, ते मी तेव्हा म्हणालो.

मग आम्ही दोघे खायला बसलो.