बोर्नचा तंबू आणि हिमालयांतील कांचा

छायाचित्र घेण्याचें यंत्र आज खिशांत मावतें. त्यामुळें तें जपावयाचें असतें हेंच पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं हीच कला माणसांच्या खांद्यांवरून डोंगर चढत असे. सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराच्या हिमालयांतील तीन सफरी या दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत.

बोर्न हा मूळचा नॉटिंगहॅम येथील एका पेढींतील कारकून. नोकरी सोडून तो १८६३ सालीं कलकत्त्यास उतरला आणि तेथून सिमल्यास गेला. हिंदुस्थानांत ही कला तोंवर नवी राहिली नव्हती. मुंबईस १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती व डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान गृहस्थ तींत होते. परंतु घरांतील अंधाऱ्या खोलींत जें साधतें तें बर्फाच्या खिंडींत साधणें निराळें.

याचें कारण त्या काळच्या रीतींत होतें. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं ओल्या कांचेची कृति प्रसिद्ध केली. ईथर व मद्यार्क यांत गनकॉटन विरघळवून केलेला कलोडियन नांवाचा चिकट द्रव कांचेवर सारखा पसरावयाचा. मग अंधारांत ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाची. ओली आहे तोंच यंत्रांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि सुकण्यापूर्वींच पुन्हां अंधारांत नेऊन तें उमटवावयाचें. सारा खेळ कांहीं मिनिटांचा. म्हणजे जेथें यंत्र तेथें अंधारी खोली हवीच! बोर्ननें ती तंबूच्या रूपानें बरोबर नेली. उकाड्यांत ईथर भराभर उडून जाई व कांच अवेळीं सुके. कडक थंडींत रसायनें मंदावत. धुळीचा एक कण बसला कीं चित्रांतील आकाशावर डाग. शिवाय ईथर चटकन् पेट घेणारें, म्हणून उघडा दिवा जवळ आणण्याची सोय नाहीं.

पहिल्या सफरींत हें ओझें वाहण्यास सुमारें तीस हमाल होते. १८६४ च्या काश्मीरच्या सफरींत बेचाळीस. एक माणूस घसरला तर महिन्याचें काम दरींत जावयाचें. हमाल वाटेंत सोडून गेल्याची तक्रार बोर्ननें आपल्या लेखांतून केली आहे, आणि त्यांच्यावर काठी चालविल्याचेंही त्यानें स्वतःच लिहिलें आहे. हें वाचून त्याच्याविषयींचा आदर कांहींसा उणा होतो. ज्यांनीं त्या कांचा शाबूत खालीं आणल्या त्यांचीं नांवें एकाही चित्राखालीं नाहींत.

१८६६ च्या तिसऱ्या सफरींत त्यानें सुमारें १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडींत चित्रें घेतलीं. इतक्या उंचीवर ओली कांच तयार करणें ही गोष्ट पुढें कित्येक वर्षें कोणास साधली नाहीं. त्याच सफरींत तो गोमुखापर्यंत पोहोंचला. १८७० सालीं तो मायदेशीं परतला, आणि दैवाची गंमत अशी कीं दुसऱ्याच वर्षीं मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची कल्पना प्रसिद्ध केली. तिच्यांत सुधारणा होऊन थोड्याच वर्षांत तंबू अडगळींत गेला.

यंत्राचे शत्रु मात्र तेच राहिले. कोंकणांतील पावसाळ्यांत बंद कपाटांत ठेवलेल्या भिंगावर आजही बुरशी धरते. त्याकरितां हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, व त्या ओलावल्या कीं बदलाव्यात. थंड खोलींतून दमट हवेंत यंत्र एकदम बाहेर काढलें तर भिंगावर दंव धरतें. पिशवी न उघडतां अर्धा तास धीर धरावा. चित्रांची दुसरी प्रत तर निराळ्या जागींच असावी.

बोर्नच्या भागीदारींतून वाढलेल्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ या कलकत्त्याच्या पेढीस १९९१ सालीं आग लागून तिच्या संग्रहाचा मोठा भाग भस्मसात् झाला. २०१६ सालीं ती पेढीही बंद पडली. बोर्नच्या हयातींत विकल्या गेलेल्या कागदी प्रती मात्र देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत, आणि मणिरंगची खिंड आज त्यांतच पाहावयास मिळते.