पाच रुपयांचा पहारा

१८७६-७७ या एका वर्षात इंग्रज सरकारच्या अंतर्गत जकात खात्यातून आठशेच्या वर माणसं गळाली. खात्याने हिशेब चोख ठेवला. ११५ जण नोकरीत असताना मेले, २७६ जणांना काढून टाकलं, ३० पळून गेले, २३ निकामी ठरले आणि ३६० जण रजेवर घरी गेले ते परत आलेच नाहीत. भांडण नाही, राजीनामा नाही. गावी गेले आणि तिकडेच राहिले.

ही माणसं राखत काय होती? मीठ. उत्तर हिंदुस्थानात मिठावर मणामागे तीन रुपयांपर्यंत कर होता, मुंबई इलाख्यात तो बराच कमी. स्वस्त मीठ महागाच्या मुलखात शिरू नये म्हणून सिंधूपासून ओरिसात महानदीपर्यंत देशाच्या पोटातूनच एक सरहद्द आखलेली होती. लांबी सुमारे २,३०० मैल, आणि १८६९ च्या सुमारास तिच्यावर जवळपास १२,००० माणसं. या रेषेवर मैलोगणती काटेरी कुंपण उभं होतं: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. जिथे जमीन झाड धरत नव्हती तिथे वाळक्या काट्यांचे ढीग, नाहीतर दगडी भिंत. कुंपण बऱ्हाणपूरपाशी संपायचं, रेषा पुढे चंद्रपूरच्या दिशेने जायची. आज अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरहून भल्या पहाटे गाडी काढली तर दुपारच्या जेवणाआधी बऱ्हाणपूर गाठता येतं.

१८६७ ते १८७० या काळात या खात्याचा आयुक्त होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हिरवं, जिवंत कुंपण वाढवण्याचा ध्यास त्याचाच. पुढे याच गृहस्थाने काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १८९७ साली त्या काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं. सरकारी नोकरीत मिठाभोवती काटे लावणारा माणूस निवृत्तीनंतर सरकारच्याच वाटेत काटे पेरतो, हा योगायोग कादंबरीत लिहिला असता तर कोणी खरा मानला नसता.

खालच्या पायरीवरच्या शिपायाला महिना पाच रुपये मिळत. शेतमजुराला त्या काळी तीनच्या आसपास पडत, म्हणजे दोन रुपयांचा फरक. त्या दोन रुपयांसाठी माणूस घरापासून दूर जायचा, कारण नेमणूक आपल्या मुलखाबाहेर द्यायची हा खात्याचा शिरस्ता होता. राहायला घर? माती-लाकूड जमवून स्वतःच बांधायचं. बायकोमुलांना आणायला बंदी होती, लक्ष विचलित होतं म्हणून. पण बंदीमुळे लक्ष चौकीऐवजी शेजारच्या गावांकडे जास्त जायला लागलं, आणि १८६८ मध्ये साहेबांनी कुटुंब आणायला परवानगी दिली.

पाव ते एक मैलावर एक चौकी, तिच्यावर एक जमादार आणि दहाएक शिपाई. कुंपणालगतच्या वाटेवर रात्रंदिवस फेऱ्या. १८६९ या एका वर्षात या माणसांनी एकूण १ कोटी ८० लाख मैल गस्त घातली आणि दीड लाख टनांहून जास्त काटेरी झाडोरा वाहून आणला, अशी नोंद आहे. काटे तोडणं, वाहणं, रचणं हे सगळं शिपायाकडेच. गस्तवाल्याच्या हातात सोटा आणि डोक्यावर काट्यांचा भारा, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं.

वरकमाईही होती. चोरट्यांकडून चिरीमिरी मिळे, जप्त मिठाच्या विक्रीतूनही काही सुटे. २७६ जणांना का काढलं असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पण धोकाही खराच होता. सप्टेंबर १८७७ मध्ये दोन शिपायांनी ११२ जणांची टोळी अडवायचा प्रयत्न केला. दोघेही मारले गेले.

१८७९ मध्ये सरकारने ही रेषा मोडीत काढली. मिठाचा कर देशभर जवळपास एकसारखा केला, राजपुतान्यातली मिठागरं ताब्यात घेतली, आणि कुंपणाला कारणच उरलं नाही. पहाऱ्याची नोकरीही गेली.

दर्यापूरकरांना मीठ हा काही लांबचा विषय नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा हा खारपाणपट्टा. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, आणि वावराला दिलं तर काळी जमीन चिकट होऊन बसते. पूर्वी याच पट्ट्यात विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढायचे. इंग्रजी अमदानीत ते बंद झालं. म्हणून १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांना समुद्र शोधत जावं लागलं नाही. ते दर्यापूरच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला गेले आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यातून कायदा मोडला.

खाऱ्या पाण्याचा दुसरा परिणाम आजही चालू आहे. ओलीत नाही, म्हणून शेती पावसाच्या भरवशावर: कपाशी, तूर, मूग, आणि जमिनीत ओल राहिली तर हरभरा. एवढ्यावर दोन भावांचं भागत नाही. मग धाकटा भरतीसाठी पहाटे उठून धावायला लागतो.

तो ज्या सीमा सुरक्षा दलाचं स्वप्न बघतो, त्याचा पहिला महासंचालक विदर्भातलाच. खुसरो फरामर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ चा, नागपूरजवळच्या कामठीचा. नागपूरच्या सायन्स कॉलेजात काही काळ शिकवून ते १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पोलीस सेवेत आले. १९४८ च्या हैदराबाद कारवाईच्या वेळी ते अकोल्यात अधिकारी होते. वऱ्हाडाच्या दक्षिणेला निजामाचं राज्य होतं, त्यामुळे सरहद्द म्हणजे काय हे त्यांना नकाशावरून शिकायची गरज नव्हती.

१९६५ पर्यंत पाकिस्तानची हद्द त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळत. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला. तिथे केंद्रीय राखीव पोलिसांच्या थोड्या जवानांनी तो परतवला खरा, पण पोलिसी बंदोबस्ताने ही हद्द राखता येणार नाही हे दिल्लीला कळून चुकलं. १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं, सुरुवातीला २५ बटालियनचं. आज त्यात अडीच लाखांहून जास्त माणसं आहेत.

शिपायाच्या जागेसाठी दहावी पास पुरते. पुरुषाला उंची १७० सेंटिमीटर आणि पाच किलोमीटर २४ मिनिटांत. बाईला १५७ सेंटिमीटर आणि १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. मूळ पगार २१,७०० पासून. भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. धाप लागते ती चौथ्या किलोमीटरला. पेपर मात्र फार वर्षं त्याआधीच अडवायचा, कारण तो हिंदी नाहीतर इंग्रजीतच असायचा. २०२४ पासून तो मराठीसह १३ प्रादेशिक भाषांतही देता येतो. त्या वर्षी देशभरातून सुमारे ४८ लाख अर्ज होते.  

महाराष्ट्राला जमिनीवरची परकी हद्द नाही. त्यामुळे निवड झालेल्याला घरापासून लांब जावंच लागतं. प्रशिक्षण एखाद्वेळी लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या केंद्रात मिळेल, पुढची नेमणूक बंगालमध्ये किंवा राजस्थानात. तारेच्या कुंपणाकडेची वाळू सपाट करून ठेवायची आणि सकाळी तिच्यावर पाऊल उमटलंय का ते बघायचं, हे काम तिथे अजून माणसाच्या डोळ्यांवर चालतं. कधी नेमणूक कच्छच्या रणात लागते. तिथे उन्हाळ्यात जमीन मिठाने पांढरीफटक पडते आणि प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागतं. खारपाणपट्ट्यातल्या पोराला त्यात नवल वाटण्यासारखं फार काही नसतं.