रात्रपाळीला किती जणी?

रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि थोड्याच काळात तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा बऱ्याच होत्या. परपुरुषाचं अंग पुसायचं, कुठल्याही जातीच्या माणसाचं बेडपॅन उचलायचं, रात्र घराबाहेर काढायची! तेव्हाच्या पांढरपेशा घरांना हे पचणारं नव्हतं. रमाबाईंनी लोकांचा रोष पत्करला आणि या मुलींच्या राहण्याची सोय केली. मला त्या सोयीचं मोल फार वाटतं. नर्सला पाठीशी कुणीतरी लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे आमचं कौतुक करणारे पुष्कळ झाले, सोय बघणारे कमी.

मी सरकारी रुग्णालयांत स्टाफ नर्स म्हणून लागले आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. नर्सेस नाराज का असतात, असं कुणी विचारलं की लोक पगारावर येतात. खासगीत ते खरंच आहे. म्हणून तर 2016 मध्ये केंद्राच्या समितीला लहान रुग्णालयांसाठीसुद्धा महिना किमान 20 हजारांची शिफारस करावी लागली. पण सरकारी वॉर्डात माणूस खचतो तो रात्री.

मेडिकल वॉर्ड, खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, आणि नाईटला मी एकटी. दहाची इंजेक्शनं संपवेपर्यंत बारा वाजायचे. तेवढ्यात कुणाचं सलाईन संपायचं, कुणाला धाप लागायची, कॅज्युअल्टीतून नवीन पेशंट यायचा आणि नातेवाईक माझ्यावर ओरडायचे. पहाटे सगळ्यांचं टेम्परेचर, बीपी, मग रिपोर्ट लिहायचा. त्यात चादरींचा हिशेब! चार्ज देताना चादरी, ब्लँकेटं, थर्मामीटर मोजून द्यावे लागत आणि कमी भरले तर पैसे आमच्या पगारातून कापत. एकदा एका म्हातारीचा हात धरून बसावंसं वाटलं, तिचं कुणीच आलं नव्हतं. बसता आलं नाही. काम नीट करायला मिळालं नाही, ही बोच पगाराने जात नाही.

नर्सेस कमी पडतात हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात 43 हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याची नोंद आहे. 500 लोकांमागे एक असावी, असं समितीने सुचवलं. परिचारिकांच्या प्रश्नांवर 1954 मध्ये शेट्टी समिती बसली, 1987 मध्ये सरोजिनी वरदप्पन यांची. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. आमच्या ड्युटी लिस्टमध्ये हे प्रमाण कधी उतरलं नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 27 नोव्हेंबर 1973 ला ड्युटी संपवून त्या कपडे बदलायला रुग्णालयाच्या तळघरात गेल्या आणि तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. हल्लेखोर तिथलाच सफाई कामगार होता. मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या, सुरक्षितता आणि कामाची बरी परिस्थिती मागत. 18 मे 2015 ला अरुणाताई गेल्या, तोवर केईएमच्या सिस्टर्सनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं एका जागी पडून राहिलेल्या पेशंटचं अंग जपणं म्हणजे काय, ते आम्हालाच कळतं. त्या सेवेवर खूप लिहिलं गेलं आणि ते रास्तच आहे. पण इतक्या मोठ्या रुग्णालयातल्या नर्सला कपडे बदलायला तळघरात का जावं लागलं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी काम बंद केलं, तेव्हा कंत्राटी भरतीला विरोध ही मोठी मागणी होती. कोविडमध्ये याच मुलींवर फुलं उधळली होती.

माझी भाची आता याच नोकरीत आहे. भेटली की मी पहिल्यांदा विचारते, "नाईटला किती जणी असता गं?" ती म्हणते, "दोघी, मावशी. त्यातली एक कंत्राटी. तिला ताप आला तरी ती येते, रजा घेतली तर तिचा पगार कापतात."